सारखं तूप

गुन्हेगार तुम्ही आहात, साहेब. ज्या टेबलावर नावं येतात आणि तिथंच म्हातारी होतात, त्या टेबलामागं बसलेले तुम्ही. तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. ते माहीत होऊ नये म्हणूनच तर तुम्हाला तिथं बसवलंय. आरोप एवढाच, की तुम्ही एक खुर्ची रिकामी ठेवलीत आणि ती का रिकामी आहे हे शोधायला आख्खी झाशी कामाला लावलीत.

हकीकत साधी आहे. देविका झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्याच्या शाळेत गणित शिकवते. तिचा धाकटा भाऊ सलील तुरुंगात आहे. चिरगाँवच्या बसस्टँडवर दोन टोळक्यांची मारामारी झाली, एक जण मेला, आणि बसची वाट बघत उभा असलेला सलीलही धरला गेला. आपण तिथं उभे होतो हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खालच्या कोर्टाला तेवढं पुरलं. जन्मठेप. मग हायकोर्टात अपील. अपील ऐकायला दोन न्यायाधीश लागतात. एक होते. दुसऱ्याच्या खुर्चीवर धूळ होती, आणि ती कुणाचंच अपील ऐकत नव्हती.

"केस पक्की आहे, दीदी," त्यांचा वकील मंदार दर तारखेला सांगे. "फक्त ऐकायला माणूस पाहिजे."

आणि एक दिवस माणूस सापडला. झाशीचेच यशवंत पिंगळे, हायकोर्टात वकिली करता करता केस पांढरे झालेले. त्यांचं नाव न्यायाधीशपदासाठी वर गेलं.

"पिंगळेसाहेब ओळखीचे आहेत, ते आपली केस घेणार नाहीत," मंदार म्हणाला. "पण ते बसले की दुसरं कुणीतरी मोकळं होईल. बस, आता एक सहीच राहिली."

देविकेनं त्या दिवशी वर्गात पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

आता झाशीत पक्ष दोन. नावं घेत नाही, तुम्हाला पाठ आहेत. एकाचे पुढारी बापूराव, दुसऱ्याचे हर्षित भैया. बातमी आली तशी दोघांनीही माणिक चौकात अभिनंदनाचे फलक लावले. दोन्हींवर मजकूर एकच : आमचा माणूस! मग बापूरावांनी हर्षित भैयांचा फलक वाचला, हर्षित भैयांनी बापूरावांचा वाचला, आणि दोघांनाही एकदमच प्रश्न पडला. त्यांचा असेल, तर आमचा कसा? आठवडा उलटायच्या आत दोन्ही फलक उतरले आणि दोन तक्रारी वर गेल्या. त्यांतही मजकूर एकच होता : हा त्यांचा माणूस.

पुरावाही दोघांकडे एकच, पिंगळ्यांच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ.

पहिल्या पंगतीत पिंगळे सगळ्यांना तूप वाढून बापूरावांच्या शेजारी बसलेले दिसतात. पान स्वच्छ झालं, हात वाळला, तरी माणूस उठत नाही. "इतनी देर? कौन सी खिचड़ी पक रही थी?" हर्षित भैयांनी पत्रकारांना विचारलं. आता शेजारचा जेवत असताना पंगतीतून उठू नये, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि बापूरावांचे सगळे दात तेव्हा नुकतेच काढलेले. ते एक जिलबी हिरड्यांनी चघळत होते. पण व्हिडिओत जिलबी दिसते, हिरड्या दिसत नाहीत.

दुसऱ्या पंगतीला मुलीचे मामा म्हणून पिंगळे पुन्हा तूप वाढायला उठले. पानावर हर्षित भैया. "ती धार बघा!" बापूराव गरजले. "तुटतेय का? इतकं तूप कुणी जावयालाही वाढत नाही!"

तुम्ही काय केलंत, साहेब? लग्नाचा व्हिडिओ केराच्या टोपलीत टाकायचा सोडून उमेदवाराच्या 'कलनिश्चिती'साठी एक चौकशी अधिकारी झाशीला धाडलात. त्यांना मराठी येत नव्हतं आणि पंगत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून ते निःपक्षपाती ठरले. दोन दिवस व्हिडिओ पाहून त्यांनी हुकूम काढला की सदर पंगतीची जागेवर पुनर्रचना करण्यात यावी. तेच लोक, तोच बेत, तीच धर्मशाळा. साक्षीदार म्हणून देविका, कारण त्या दिवशी दोन्ही पंगतींत पिंगळ्यांच्या पुढं पुढं वरण वाढत तीच चालली होती.

साक्षीच्या आधी बापूराव तिच्या घरी आले.

"देविका, तू आपल्यातली पोर. फार काही नको, हर्षितच्या भातावर तूप जास्त पडलं एवढंच बोल."

"काका, तुपानं माझा भाऊ सुटणार आहे का?"

"आधी तुझी बाजू कळू दे, मग भावाचं बघू."

ते जिना उतरत होते तेव्हा हर्षित भैया चढत होते. "जिज्जी," त्यांनी हात जोडले, "बस इतना कह दो कि बापूराव के यहाँ घी ज़्यादा गिरा. सलील तो हमारा छोटा भाई है."

"असं? मग तुमच्या छोट्या भावाला भेटायला एकदा तरी तुरुंगात गेलात का?"

"अरे, जाएँगे ना! पहले ये घी निपट जाए."

पुनर्रचना यथासांग पार पडली. पानाभोवतीची रांगोळी कुठल्या पक्षाच्या रंगाची आहे यावर सकाळ गेली; शेवटी रांगोळी पुसून पंगत बसवली. चौकशी अधिकाऱ्यांनी मसालेभात दोनदा घेतला, तो तपासाचा भाग होता. घात केला तो बापूरावांनी. मधल्या काळात त्यांनी कवळी बसवली होती. त्यांनी जिलबी कडाकडा फोडली आणि पिंगळ्यांच्या आधीच पान संपवलं. अधिकाऱ्यांनी गंभीरपणे नोंद करवली : घटनेच्या वेळचे तोंड आता उपलब्ध नाही.

उरली देविकेची साक्ष. ती उभी राहिली. एका बाजूनं बापूराव बघत होते, दुसऱ्या बाजूनं हर्षित भैया. पिंगळे खाली बघत होते. खरं सांगितलं की काम होईल, असं तिला वाटलं. गणिताची शिक्षिका ती, दोन्ही बाजू सारख्या आल्या की उत्तर बरोबर, एवढंच तिला ठाऊक.

"दोघांनाही सारखंच वाढलं," ती म्हणाली. "आमच्यात वाढणारा पानाकडे बघतो, तोंडाकडे नाही."

"मतलब, किसी की तरफ़ नहीं?" हिंदी तर्जुमा ऐकून अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. इतकी गंभीर बाब आपल्या हाती लागेल अशी त्यांना कल्पना नव्हती. अहवालात लिहिलं गेलं : "सदर उमेदवार परस्परविरोधी व्यक्तींना समान तूप वाढतो. सबब, कल लपवण्याचे त्याचे कौशल्य असाधारण दिसते. कोणाचाच नसलेला इसम पदावर बसल्यास तो कोणाच्या बाजूने निकाल देईल याची हमी कोणालाच देता येणार नाही."

हे मात्र दोन्ही पक्षांना एकदम पटलं. बापूराव आणि हर्षित भैया एका मंचावर आले आणि लोकशाही वाचल्याबद्दल दोघांनी एकमेकांना हार घातले. पिंगळ्यांचं नाव नामंजूर होऊन परत आलं. खुर्चीवर पुन्हा धूळ बसली. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर सारखीच बसत असली तरी.

मंदारनं फोन केला. "दीदी, तारीख पुढं गेली."

"किती पुढं?"

"तसं लिहिलेलं नाही. नुसतं 'पुढं' असंच आहे."

देविका सलीलला भेटायला गेली. काय सांगायचं ते बसमध्ये जुळवत होती, आणि जाळीपाशी पोचेपर्यंत सगळं विसरली. माझ्याच साक्षीनं तुझा माणूस गेला रे, एवढं कसंबसं बोलली. सलीलनं जाळीला बोटं अडकवली. तो रडेल असं तिला वाटलं. तो जवळ सरकला, आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"ताई, आपल्या आपल्यात सांग. पिंगळे नक्की कुणाचे?"

हसू नका. तुमच्या टेबलाचं बोलून झालं, साहेब. आता हे वाचणाऱ्यांना विचारतो. पहिल्या ओळीपासून तुम्हीही तेच हुडकत आलात. बापूराव कुठल्या पक्षाचे, हर्षित भैया कुठल्या, आणि हे लिहिणारा कुणाचा. सलील त्या बसस्टँडवर नुसता उभा होता की नाही, हे दोन न्यायाधीशांनी ऐकायचं होतं. ते कधी ऐकणार, हे तुमच्यापैकी कितीजणांच्या मनात आलं? आलं नसेल तर का नाही आलं?

बाजू नकोय मला तुमची. उत्तर द्या.