थेंब नावाची म्हैस

रविवारी सकाळी स्टुडिओ उघडायचा की गगनबावड्याला जायचं, यावर महांतेश पट्टणशेट्टी आणि त्याची बायको वर्षाराणी यांचं लग्न झाल्यापासून एकमत झालेलं नव्हतं. म्हणजे जायचा तो महांतेश, आणि मागं शटर उघडून बसायची ती वर्षाराणी. रविवार हा कोल्हापुरात सहकुटुंब फोटो काढून घ्यायचा वार. नव्या साड्या, तेल लावून चप्प बसवलेले भांग, कडेवर पावडर थापलेलं पोर, असं सगळं दारात येऊन उभं राहायचं, आणि फोटोग्राफर तिकडं घाटात निसर्गाचे फोटो काढायला गवतावर पालथा पडलेला असायचा. शेवटी वर्षाराणीच कॅमेऱ्यामागं उभी राहून "हनुवटी जरा खाली घ्या" म्हणायला शिकली. गिऱ्हाईकांच्या मते तिनं काढलेले फोटो जास्त बरे यायचे. महांतेशला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्यानं गगनबावड्याला नऊ खेपा घातल्या. त्यात दोनदा स्कूटर बंद पडली, एकदा ताप आला, आणि एका रविवारी तर घरी येऊन विजार काढली तेव्हा पायाला अकरा जळवा निघाल्या. नवव्या खेपेला, ऑक्टोबरात, त्याला पाहिजे तो थेंब सापडला. गवताच्या पात्याच्या टोकाला लोंबकळलेला एवढासा थेंब आणि त्यात उलटी झालेली आख्खी दरी. त्या एका थेंबावर त्यानं पस्तीस फोटो खर्ची घातले. छत्तिसावा उरला. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही, ही फोटोग्राफर लोकांची शिस्त. दिवाळीच्या पाडव्याला स्टुडिओसमोरून नटवलेल्या म्हशींची मिरवणूक निघाली, तेव्हा त्यानं दारात उभं राहूनच रोल संपवला. त्या शेवटच्या फोटोत गल्लीतल्या पिराजी गवळ्याची मोगरी आली. रंगवलेली शिंगं, कवड्यांची माळ, कपाळावर मोरपीस. पिराजीनं फोटो बघितला आणि घरात लावायला मोठा करून मागितला.

थेंबही मोठा होऊन आला. महांतेशनं तो बायकोपुढं धरला.

"कसा हाय?"

"चांगला हाय की."

"काय चांगलं हाय त्यात?"

वर्षाराणीनं प्रामाणिकपणे विचार केला. "हिरवं हाय," ती म्हणाली.

महांतेशच्या काळजाला घरं पडली. त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं, की आपल्या निसर्गचित्रांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं. मग कळेल कोल्हापूरला. वर्षाराणीनं हिशेबी बाईसारखी अट घातली.

"भरवा. पर एका माणसानं, नुसत्या एका, आपणहून ह्या फोटोपुढं थांबून तुम्हास्नी काय तरी इचारलं पाहिजे. तर रविवार जन्मभर तुमचा. न्हायतर पुढच्या रविवारपासनं तुम्ही काउंटरवर आन मी जयसिंगपूरला आईकडं. आन माणूस हाताला धरून आणायचा न्हाय."

"एक कशाला, रांग लागंल," महांतेश म्हणाला.

चौकटी करायचं काम त्यानं जोतीरामला दिलं. जोतीराम मिस्त्रीचं आयुष्य देवांच्या तसबिरी आणि गल्लीतली कैलासवासी मंडळी चौकटीत बसवण्यात गेलं होतं. त्याच्याकडं प्रदर्शनाचे वीस फोटो गेले, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या गेल्या, आणि सोबत पिराजीला द्यायची मोगरी. सगळ्यांत भारी सागवानी चौकट थेंबासाठी होती. जोतीरामनं थेंबाचं पाकीट उघडलं आणि तो चरकला. मागं सगळं हिरवं, पुसट, आणि बरोबर मध्यावर पाण्याचा थेंब पडलेला. त्यानं बाहीनं हळूच पुसून बघितलं. निघाला नाही. फुंकर मारली, उन्हात धरला, तरी निघाला नाही. तेव्हा आपल्या मित्राचा फोटो लॅबवाल्यांनी भिजवून वाटोळा केला आणि आता सांगायला वेळ नाही, हे त्यानं ओळखलं. जोतीराम मनाचा मोठा माणूस. चार लोकांत मित्राची शोभा नको, म्हणून त्यानं त्याच मापाची मोगरी सागवानी चौकटीत बसवली, खाली उरलेली 'थेंब' ही चिठ्ठी चिकटवली आणि उद्घाटनाच्या सकाळी स्वतःच्या हातानं प्रदर्शनाच्या दालनात मधल्या भिंतीवर लावून टाकली.

महांतेश त्या सकाळी एका लग्नात अडकला होता. नवरदेवाचा मामा सापडेना म्हणून मुहूर्त टळला, आणि तो हातात फ्लॅश घेऊन दालनात पोचला तेव्हा प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. पाहुणे म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर गणपतराव. सागवानी चौकटीपुढं उभं राहून ते बोलत होते.

"मित्रहो, सामान्य छायाचित्रकारानं या चित्राला 'म्हैस' असं नाव दिलं असतं. आमच्या महांतेशनं दिलं 'थेंब'. म्हैस आपल्याला दिसते. तिच्या दुधाचा थेंब दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं नाव जे दिसतं त्याला देणं, याला धाडस लागतं."

टाळ्या पडल्या. महांतेशनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा घातला. एवढ्या धाडसाचं कौतुक झाल्यावर ही चूक आहे म्हणून सांगायचं म्हणजे मास्तरांना तोंडघशी पाडणं आलं. तो पेढा गिळून जोतीरामला कोपऱ्यात घेऊन गेला.

"थेंब कुठाय?"

"घरात ठेवलाय. लई पुसला, अण्णा, निघंना."

अर्ध्या तासात पिराजी आपला फोटो न्यायला आला. आपली म्हैस सागवानात, मधोमध, आणि समोर शहरातली शिकली-सवरलेली माणसं हात मागं बांधून उभी, हे बघून त्याला भरून आलं. मग त्यानं खालची चिठ्ठी वाचली.

"अण्णा, थेंब काय म्हणून? दोन टायमाला सोळा लिटर देती ती. थेंब म्हटल्यावर लोकं काय म्हणतील?"

"पिराजी, तो तुझा फोटो घेऊन जा बघू घरला."

"घरला कशाला? तीन दिवस ऱ्हाऊ दे की. मी माणसं घेऊन येतो."

त्यानं खिशातलं पेन काढून 'थेंब' खोडलं, वर 'मोगरी' लिहिलं आणि खाली 'मालक : पिराजी' एवढी भर घालून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गल्ली आली. मग गल्लीचं बघून शेजारची गल्ली आली. आत शिरलेला माणूस एकोणीस निसर्गचित्रांपुढून रस्त्यात ओळखीचं कुणी नसल्यासारखा चालत जायचा आणि मोगरीपुढं मुक्काम करायचा. "शिंगं बघ, शिंगं. आन ती मागं डेअरीच्या दारात कोण हाय? आपला बापू न्हवं?" तो बापूच निघाला. बापूला बोलावणं गेलं. बापू बायकोला घेऊन आला. अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं भरली. 'म्हैस एक नंबर.' 'मोगरीस शुभेच्छा.' एका सज्जन माणसानं तेवढं लिहिलं होतं, 'म्हैस उत्तम. बाकीचे फोटोही काढले आहेत.'

महांतेशनं सकाळीच थेंब एका साध्या चौकटीत बसवून आणला होता. मधल्या भिंतीवर आता जागा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तो दाराशेजारी लागला. दुपारी एक तरुण त्याच्यापुढं थांबला. दोन पावलं मागं गेला, पुन्हा पुढं आला, मान तिरपी केली, डोळे बारीक केले. महांतेशनं वर्षाराणीला कोपरानं ढोसलं. असा बघणारा माणूस त्यानं आठ वर्षांच्या धंद्यात बघितला नव्हता. तरुणानं मागच्या खिशातून कंगवा काढला, भांग पाडला आणि महांतेशकडं वळून विचारलं, "आरसा जरा वर लावायचा न्हाय व्हय? वाकाय लागतंय."

"इचारलं," महांतेश घाईनं म्हणाला.

"ते आरशाबद्दल इचारलं," वर्षाराणी म्हणाली. "ते धरायचं न्हाय."

गडद हिरव्या फोटोवरची काच खरंच आरशासारखी लखलखत होती. संध्याकाळपर्यंत त्या थेंबापुढं बरीच माणसं थांबली आणि भांग, कुंकू, मिशा ठीकठाक करून मोगरीकडं गेली.

सहाच्या सुमाराला बाहेर हलगी वाजली. पिराजीनं प्रत्यक्ष मोगरीला आणलं होतं. तिचा फोटो सगळ्या गावानं बघायचा आणि तिनंच बघायचा नाही, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. दालनाचा वॉचमन दारात आडवा झाला.

"जनावर आत न्हाय."

"मग तिचा फोटो कसा आत?"

वॉचमननं एकदा आत फोटोकडं बघितलं, पण दार सोडलं नाही. हा वाद बघायला आतली सगळी माणसं बाहेर गेली. रिकाम्या दालनात महांतेश एकटाच खुर्चीवर बसून राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. लोकांना काही कळत नाही, असं त्यानं आधी मनात म्हणून बघितलं. पण कालपासून ते इतक्यांदा म्हणून झालं होतं, की आता त्यात दम उरला नव्हता. आपल्यालाच काढता येत नाही की काय, ही शंका त्याला पहिल्यांदा चाटून गेली, आणि ती जळवेपेक्षा वाईट होती. वर्षाराणी चहा घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघून तिला अट मागं घ्यावीशी वाटली. पण मागं घेतली असती तर त्याला जास्त लागलं असतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं चहात साखर तेवढी जास्त घातली.

तिसऱ्या दिवशी, दालन बंद व्हायला तासभर असताना, पिराजीची आई धोंडुबाई आली. मोगरीपुढची गर्दी हटत नव्हती आणि म्हातारीचे गुडघे उभं राहू देत नव्हते. ती दाराशेजारच्या खुर्चीवर बसली. समोर थेंब होता. तिनं पदर सारखा केला नाही, कुंकवाकडं हात नेला नाही. ती नुसती बघत बसली. चांगली पाच मिनिटं बघितल्यावर तिनं महांतेशला बोटानं बोलावलं.

"व्हय रं बाळा, ही जागा कुठली म्हणायची?"

महांतेशनं वर्षाराणीकडं बघितलं. वर्षाराणीनं होकारार्थी मान हलवली. झालं, नऊ खेपांचं तुंबलेलं पाणी सुटलं. बंद पडलेली स्कूटर, धुकं, कोपरावर सरपटत जाणं, पाय सुजवणाऱ्या जळवा, एकशे दोन ताप, वारा पडायची वाट बघत श्वास रोखून धरलेली ती मिनिटं, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. अकरा जळवांपाशी आल्यावर मोगरीपुढची गर्दी हळूहळू इकडं सरकली. प्रदर्शन सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच थेंबापुढं पंचवीस माणसं एकदम उभी होती आणि एकाच्याही हातात कंगवा नव्हता.

"कुठायत जळवा?" मागून कुणीतरी टाचा उंच करून विचारलं.

"फोटोत न्हाईत. माझ्या पायाला व्हत्या."

"आन स्कूटर?"

"ती खाली रस्त्यावर."

पिराजीनं थेंब नीट निरखला. त्याला खरोखर समजून घ्यायचं होतं. "अण्णा, एवढं रामायण झालं ते समदं तू फोटोच्या भायेर ठेवलंस, आन आत नुसतं पाणी घेतलंस. मग आमास्नी कळायचं कसं?"

महांतेशनं बाहीनं थेंबावरची काच पुसली. गर्दी जशी आली तशी मोगरीकडं परत गेली. धोंडुबाई मात्र तिथंच बसून होती.

"त्येंचं काय घिऊन बसतोस," ती म्हणाली. "तू मला त्यो रस्ता सांग. हे गवात लई कवळं दिसतंया. मोगरी उसाचं वाढं खाऊन खाऊन इटलीया."

वर्षाराणी पुढं झाली. "आपणहून थांबल्या, आपणहून इचारलं," ती नवऱ्याला म्हणाली. "रविवार तुमचा."

रविवारी पहाटे महांतेशनं कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून दार उघडलं, तर समोर पिराजीचा टेम्पो उभा. आत धोंडुबाई, दोन विळे आणि पोत्यांची चळत. रविवार ज्यांच्यामुळं मिळाला त्यांना नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही. उजाडायला ते गगनबावड्याच्या पुढं पोचले. धुकं होतं, वारा पडलेला होता, आणि त्याच उतारावर, तसल्याच एका पात्याला, आधीच्यापेक्षा सरस थेंब लागलेला होता. महांतेश पालथा पडला. त्यानं श्वास रोखला. दरी थेंबात हळूहळू स्पष्ट होत गेली, उलटी, देखणी, आणि तिच्यात एक विळा शिरला.

"अण्णा, कोपर जरा उचल," पिराजी म्हणाला.

महांतेशनं कोपर उचललं. नऊ वाजेपर्यंत उतार साफ झाला होता. पोती टेम्पोत चढवायला त्यानंच हात लावला, कारण म्हातारीचे गुडघे दुखत होते.

सोमवारी सकाळी तो काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत बसला होता. पिराजी दुधाची किटली हलवत दारात आला.

"अण्णा, तुझ्या गवताची काडी शिल्लक ठेवली न्हाय मोगरीनं."

महांतेशच्या हातातली कात्री थांबली. "समदं खाल्लं?"

"समदं. मान वर केली न्हाय."

"आधी हुंगून बिंगून बघितलं आसंल की."

"कुठलं हुंगतीया. पुढ्यात टाकलं तसं टक लावून बघितलं, आन घातलं तोंड."

पिराजी दूध घालायला पुढच्या घरी गेला. महांतेशनं कात्री खाली ठेवली. मग तो आत वळला. वर्षाराणी पडद्यापुढं एका पोराची हनुवटी खाली करत होती.

"ऐकलंस न्हवं?" तो म्हणाला. "टक लावून बघितलं म्हणं."