वर जाणारी रेष

शहर बससेवेच्या मुख्य कार्यालयात एक आकडेवारी विभाग होता आणि त्या विभागात एक सहायिका होती. तिला सगळे आलेखताई म्हणत. वार्षिक बैठक जवळ आली की या विभागाची आठवण व्हायची. एरवी त्या खोलीत बंद पडलेले पंखे ठेवले जात.

यंदा संचालक मंडळाने एकच माहिती मागवली होती. बस थांब्यावर किती उशिरा पोहोचते, ते एका पानात दाखवावे. आलेखताईने स्प्रेडशीट उघडली. काळाबरोबर काय बदललं ते दाखवायचं, म्हणजे रेषालेख. त्यात तिला दोनदा विचार करावा लागला नाही. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला, त्याच्या कडेला 'सरासरी उशीर, मिनिटांत' असं लिहिलं, रेष लाल केली आणि डोक्यावर सरळ मथळा दिला: 'बस दरवर्षी जास्त उशिरा येते'. कुणीही बघावं आणि लगेच समजावं असा तो आलेख होता. कार्यालयाच्या दृष्टीने त्यात तेवढाच एक दोष होता.

उपव्यवस्थापक साहेबांनी तो बराच वेळ पाहिला.

"ताई, छान झालाय. फक्त जरा जास्त बोलतोय."

"आलेख बोलायलाच असतो ना साहेब?"

"बोलावं. पण घरातलं चारचौघांत बोलू नये."

मग सुधारणा सुरू झाल्या. 'उशीर' हा शब्द नकारात्मक वाटतो म्हणून मथळा 'आपली वाटचाल' असा झाला. लाल रंगाने बैठकीत रक्तदाब वाढतो म्हणून रेष हिरवी झाली. आकडे गर्दी करतात म्हणून ते गेले. अक्षाच्या कडेचा मजकूर उभा होता. तो वाचायला मान वाकडी करावी लागते आणि अध्यक्षांच्या मानेला तर पट्टा होता, म्हणून तोही गेला. रेषेच्या टोकाला साहेबांनी स्वतःच्या हाताने एक बाण लावला.

"पण मग ही रेष कशाची ते कळणार कसं?" आलेखताईने विचारलं.

"तोंडी सांगू की. मी आहे ना."

बैठकीत दिवे मंद झाले आणि पडद्यावर हिरवी रेष डावीकडून उजवीकडे झोकात वर चढली. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

"वर चाललीय," ते म्हणाले.

साहेब तोंडी सांगायला उठले, पण तेवढ्यात अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. अध्यक्षांनी वाजवल्या म्हणून संचालकांनी वाजवल्या. साहेबांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, उघडलेलं तोंड मिटलं आणि टाळ्यांत आपल्याही मिसळल्या. स्पष्टीकरण तोंडी द्यायचं ठरलं होतं, ते तोंडातच राहिलं.

"पुढच्या वर्षी ही रेष पार त्या वरच्या कोपऱ्याला टेकली पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. तसा ठराव झाला.

बैठक संपल्यावर आलेखताईने साहेबांना जिन्यात गाठलं.

"साहेब, त्यांनी उशीर वाढवायला सांगितलंय."

"वाटचाल वाढवायला सांगितलंय."

"वाटचाल म्हणजेच उशीर."

"हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आता तिसऱ्याला सांगायचं तर टाळ्या परत कशा घ्यायच्या, ते आधी सांगा."

आठवडाभरात परिपत्रक निघालं: प्रत्येक आगाराने वाटचालीत आपलं योगदान वाढवावं. कोणत्या आगाराचा वाटा किती, हे दाखवण्यासाठी आता गोल आलेख हवा होता. आलेखताईने सांगून पाहिलं, की इतक्या सगळ्या आगारांची तुलना गोलात दिसत नाही, साधे आडवे स्तंभ उतरत्या क्रमाने लावले तर नीट दिसेल. साहेब म्हणाले, गोलच हवा, शिवाय तो जाड हवा आणि थोडा कललेला हवा. जाडी दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. कलल्यामुळे पुढची फाक आहे त्याहून मोठी दिसू लागली. त्या फाकेच्या आगारप्रमुखांना ढाल मिळाली. मागची एक फाक इतकी बारीक होती, की तिच्यावर आगाराचं नावही मावलं नाही.

त्या आगारात आलेखताईचा थोरला भाऊ चालक होता. एका संध्याकाळी तो घरी आला, पाणी प्यायला आणि खिशातून कागद काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. 'आपल्या मार्गाचे वाटचालीतील योगदान नगण्य असल्याने आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.'

"योगदान नगण्य म्हणजे काय गं?"

"म्हणजे तू वेळेवर जातोस."

दादाने कागद पुन्हा वाचला. "मग आता कबूल करू की नाकारू?"

"नाकारलंस तर खोटं बोलल्यासारखं होईल."

"आणि वाढवायचं म्हटलं तरी कसं वाढवायचं? लांबूनच थांब्यावरची माणसं दिसतात. ती दिसत असताना गाडी बाजूला घेऊन बसू?"

आलेखताईला त्याच्याकडे बघवेना. ती रेष तिच्या हातची होती. "मी करते नीट," ती म्हणाली.

संधी लवकरच आली. वाटचाल जनतेलाही दिसावी म्हणून मंडळाने प्रवाशांचा मेळावा बोलावला. सभागृह भरलं. रोज थांब्यावर ताटकळणारी माणसंच समोर बसली होती. संगणक आलेखताईच्या हाती होता. तिने हिरवा आलेख बाजूला ठेवला आणि आपला पहिला, लाल, लावला. अक्ष, मजकूर, आकडे, मथळा, सगळं जागच्या जागी.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आता भडका उडणार, असं वाटून आलेखताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. "हा लाल रंग डोळ्यांना फार खुपतो," ते म्हणाले.

"मथळाही लांबलचक आहे," मागून एक बाई म्हणाल्या.

"गोल नाही का एखादा? गोल पटकन समजतो," एका तरुणाने विचारलं.

अध्यक्षांनी साहेबांच्या कानाशी वाकून विचारलं, "ही रेष तीच ना?"

"तीच साहेब."

"मग लाल कशाला केली?"

जनतेचं मत घ्यायचं ठरलं. हात वर झाले. हिरवा आलेख एकमताने परत आला आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. आलेखताईने एकदा मोठ्याने सांगूनही पाहिलं, "अहो, हा तुमच्याच उशिराचा आहे." पण तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आभारप्रदर्शन सुरू झालं होतं.

दादाने खुलासा लिहिला: योगदान वाढवणे जमणार नाही. त्याला गाड्या धुण्याच्या शेडवर पाठवलं. त्याच्या जागी आलेला चालक होतकरू निघाला. त्या आगाराची फाक भराभर सुजली. "बरंच झालं," दादा बहिणीला म्हणाला. "शेडवर कुणी वाट बघत उभं नसतं." तो हसत म्हणाला, पण त्या दिवशी जेवला कमी.

पुढे एकदा आलेखताई कार्यालयातून निघून थांब्यावर आली, तर तिथे मुख्याध्यापक उभे. बसचा पत्ता नव्हता. त्यांनी तिला ओळखलं आणि आनंदाने जवळ आले.

"ताई, एक काम होतं. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. लिफ्ट सारखी बंद पडते, म्हणून सभासद सभेत हिशेब मागणार आहेत. एखादा आलेख काढून द्याल? तो तुमचा हिरवा होता ना, तसा."

"देते. अक्षावर काय लिहू?"

"छे, छे, तिथे काही नको," मुख्याध्यापक म्हणाले आणि टाचा उंचावून रस्त्याच्या टोकाकडे बघू लागले. "एवढं वाचायला हल्ली वेळ कुणाला असतो?"

थांब्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.