सौजन्य सोसायटीची जकात

"नापास झालात तर कच्छ," शशिकला पोळी उलटत म्हणाली, "आणि पास झालात तर?"

"तर इथेच. संशोधन विभाग, अधिकारी श्रेणी," चारुदत्त टिपणीस म्हणाला आणि त्याने आलेखाच्या कागदावर आणखी एक तिरकी रेघ मारली.

शशिकलाने ती रेघ नीट बघून घेतली. नवीन पनवेलमधला हा ब्लॉक, मुलीची शाळा, दोन वर्षं नंबर लावून मिळालेला गॅस, सगळं त्या रेघेवर टांगलेलं होतं. रेघ तिला फारशी भक्कम वाटली नाही.

चारुदत्त एका निर्यात महामंडळात आकडेवारी सहायक होता. साल त्र्याण्णव. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावावर पानाच्या गादीवरसुद्धा वाद चालत होते, आणि आयातकर वाढवला-घटवला तर देशात काय होईल हे आधी सांगणारी माणसं महामंडळाला हवी होती. म्हणून त्यांनी चारुदत्तला मुंबईतल्या दर शनिवारच्या एका वर्गाला घातलं. वर्गात पास होईल तो इथे अधिकारी, नापास होईल त्याची रवानगी कच्छच्या शाखेत, असा सरळ हिशेब होता. वर्गाला शिकवणाऱ्या डॉ. रेवा मंत्री शेवटच्या तासाला म्हणाल्या, "एकदम देशाचं प्रतिमान मांडायला जाऊ नका. एखादी छोटी अर्थव्यवस्था घ्या. माल कुठून येतो, कोण घेतं, हे डोळ्यांनी दिसेल अशी. तिथे कर लावला तर काय होईल ते मांडा. मी स्वतः येऊन बघेन."

डोळ्यांनी दिसेल अशी एकच अर्थव्यवस्था चारुदत्तला ठाऊक होती. ती म्हणजे बारा बिऱ्हाडांची सौजन्य सोसायटी. गेट एक, वॉचमन एक. भाजीची आयात होई ती ठकीच्या टोपलीतून. ती डोंगराकडच्या वाडीवरून रोज सकाळी चालत येई आणि तिन्ही मजले चढे. देशी उत्पादन म्हणजे तळमजल्याच्या भामाकाकूंनी मागे लावलेली तोंडली, अळू आणि कढीपत्ता. कर त्याला फक्त कागदावर लावायचा होता. पण तो हे चेअरमनना सांगून बसला.

चेअरमन कृष्णकांत सबनीस कस्टममधून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं लोकांच्या बॅगा उघडायला लावलेला हा माणूस. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर कुणी साधी पिशवीही उघडून दाखवत नव्हतं, आणि ते त्यांना सलत होतं.

"कागदावर कशाला?" ते उठून उभेच राहिले. "लावूनच टाकू! टोपलीमागे एक रुपया. तुमचा अभ्यास होईल आणि सोसायटीला शिस्त लागेल."

दुसऱ्या दिवशी गेटवर टेबल आलं, रजिस्टर आलं आणि आनंदा वॉचमनच्या हातात शिक्का आला. ठकी टोपली घेऊन आली ती टेबलाला अडखळलीच.

"रुपया कसला?"

"आयातकर," आनंदा म्हणाला. हा शब्द सबनीसांनी त्याच्याकडून सकाळी दहा वेळा म्हणवून घेतला होता.

"आमी वाडीवरनं डोईवर वझं आणतो, आन् तुमी बसल्या जागी रुपया मागता? नाय देत! ऱ्हावा तुमचा शिक्का न् तुमी!" एवढं बोलून ती आल्या पावली परत गेली.

चारुदत्तच्या गणिताप्रमाणे भाव दहा-वीस पैशांनी चढायला हवा होता आणि खप थोडा उतरायला हवा होता. रजिस्टरमध्ये मात्र पहिल्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य, आठव्या दिवशीही शून्य. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. चारुदत्त खूश झाला. एका रुपयाच्या करापायी बारा कुटुंबांनी भाजी खाणंच सोडलं, असा निष्कर्ष त्याच्या वर्गात कुणाच्या बापाच्याने निघाला नसता.

शिवाय पुस्तकातलं एक वाक्य तर शब्दशः खरं ठरलं. बाहेरचा माल अडवला की देशी उत्पादक भाव वाढवतो, असं पुस्तकात होतं. तो कढीपत्ता तोडायला गेला, तेव्हा भामाकाकूंनी खिडकीतून हात पुढे केला. "चार आणे काडी."

"अहो काकू, परवापर्यंत फुकट देत होतात!"

"तेव्हा बाजारात ठकी होती."

चारुदत्तने खुशीने चार आणे दिले आणि घरी येऊन ते तक्त्यात भरले.

"भेंडी काय सुंदर झालीय आज," रात्री जेवताना तो शशिकलाला म्हणाला आणि डाव्या हातात अहवाल धरून त्यातलं आपलं वाक्य पुन्हा वाचू लागला: सोसायटीतील भाजीचा वापर पूर्णतः थांबला आहे.

भेंडी कुठून आली, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरात भाजी असतेच, हे तो लहानपणापासून गृहीत धरत आला होता आणि गृहीतकं तपासायची नसतात अशी त्याची समजूत होती. शशिकलाने मात्र त्याच्या ताटात आणखी भेंडी वाढली.

तेराव्या दिवशी, रविवारी, डॉ. रेवा मंत्री आल्या. त्यांनी गेट बघितलं, शिक्का बघितला, रजिस्टर चाळलं. मग चारुदत्तने त्यांना आणि सबनीसांना जेवायला बसवलं. मॅडमनी एका हाताने अहवाल उघडला आणि दुसऱ्या हाताने घास घेतला.

"टिपणीस, वांगी फार छान आहेत."

"हो ना मॅडम, शशिकलाच्या हाताला चवच आहे."

"ही आली कुठून?"

चारुदत्तने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याने वांग्याकडे पाहिलं, अहवालाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. शशिकला आमटी आणायला आत गेली.

"तुमच्या अहवालाप्रमाणे तेरा दिवसांत इथे एकही वांगं आलेलं नाही."

"येणं शक्यच नाही!" सबनीस गरजले. "माझ्या गेटमधून मुंगी—"

"बाय, वढ गं! दुदी हाय, संबाळून!" मागच्या गल्लीतून, कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, ठकीचा खणखणीत आवाज आला.

तिघांनी गॅलरीकडे माना वळवल्या. कठड्याबाहेरून दोरीला बांधलेली एक पिशवी झोके घेत वर चालली होती. तोंडातून दुधी डोकावत होता. सबनीसांचा हात एकतीस वर्षांच्या सवयीने आपोआप पुढे गेला. त्यांनी गॅलरीत उडी मारून पिशवी घट्ट धरली.

"पकडली! कोण आहे वर?"

वरून दोन हिसके बसले. मग एक बारीक आवाज आला, "ठके, अडकली का गं कुठे? खालच्या टिपणीसबाईंना सांग जरा हात लावायला."

तिसऱ्या मजल्यावर सबनीसच राहत. आवाज त्यांच्या सौभाग्यवतींचा होता. पकडलेला माल सबनीसांनी जन्मात पहिल्यांदा सोडून दिला. पिशवी सुखरूप वर गेली.

मॅडमनी हात धुतले. "तुमच्या अहवालात फक्त गेट आहे, टिपणीस. भिंत नाहीच. गुरुवारपर्यंत भिंतीवरून आलेल्या मालाचे आकडे आणा. नाहीतर मी पास करू शकणार नाही."

सबनीसांनी त्याच संध्याकाळी टेबल उचललं, पण आकडे काही मिळेनात. चारुदत्त दारोदार फिरला. अकराही घरांतून एकच उत्तर आलं, "छे हो, आम्ही उसळच खाल्ली." बुधवारी रात्री तो कोऱ्या कागदासमोर डोकं धरून बसला. कच्छ त्याला अगदी उंबऱ्याशी आल्यासारखं वाटत होतं.

शशिकला समोर येऊन बसली. "नावं लिहायची नाहीत. बिऱ्हाड एक, बिऱ्हाड दोन, असंच लिहायचं. मैत्रिणींना तोंड दाखवायचंय मला."

"तुला ठाऊक आहे?"

"अहो, पहिली दोरी मीच सोडली."

मग तिने सांगायला सुरुवात केली. कुठल्या घरी किती भेंडी, कुणी गवार परत केली, कुणाकडे पाहुणे म्हणून दोन पिशव्या. तेरा दिवस, बारा बिऱ्हाडं, सगळं तोंडपाठ. चारुदत्तने बेरीज केली आणि पुन्हा केली.

"हे कसं शक्य आहे? कर लावल्यावर खप वाढला? आणि भाव उतरला?"

"उतरणारच. ठकीला तीन जिने चढावे लागत नव्हते. किलोमागे आठ आणे कमी लावायची. तुमच्या त्या वहीत जिने कुठे होते?"

चारुदत्तला स्वतःची लाज वाटली आणि बायकोचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. तीन महिने जे शिकायला तो मुंबईला जात होता, ते त्याच्या स्वयंपाकघरात रोज घडत होतं.

अहवाल वर्गात पहिला आला. 'सीमा फक्त गेटवर नसते हे ओळखणारा एकमेव विद्यार्थी,' असा मॅडमचा शेरा होता. शशिकलाने शिरा केला आणि बारा घरी वाटला. कच्छ टळलं म्हणून तिने देवापुढे नारळही ठेवला.

पंधरा दिवसांनी महामंडळाचं पत्र आलं. चारुदत्तने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि हळूच खुर्चीवर बसला.

"अधिकारी केलं ना?" शशिकलाने विचारलं.

"केलं." त्याने पत्रावर बोट ठेवलं. "कच्छ शाखेचा. तिथल्या रजिस्टरचा आणि बाजाराचा मेळ बसत नाही म्हणे. आजवर पाठवलेले सगळे गेटवरचं रजिस्टर बघून परत आले. साहेबांनी लिहिलंय, हे काम टिपणीसांशिवाय कुणाला जमणार नाही."

"आणि नापास झाला असतात तर?"

"तर कच्छच. पण सहायक म्हणून."

शशिकलाने पदराला हात पुसले. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. मग तिने पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः शेवटपर्यंत वाचलं.

"क्वार्टर देणार आहेत म्हणे," ती म्हणाली. "कितव्या मजल्यावर, ते विचारून ठेवा."