नाना अखेर शांत झोपले

"भावोजी, आजपासून तुम्ही फक्त गाद्या विकायच्या. बाकी सगळं यंत्र बघेल!"

मेहुण्याने असं छातीठोक सांगितलं तेव्हा गादीवाल्याने विरोध केला नाही. विरोध करायलाही अंगात जीव लागतो! सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या झोपेची सोय लावता लावता त्याची स्वतःची झोप पार उडाली होती. त्यात हल्ली रोज दुकानाच्या पेजवर काहीतरी टाकायचं. आज गादीचा फोटो, उद्या त्याच गादीचा दुसऱ्या बाजूने. बघणारे अकरा जण, त्यातले नऊ नात्यातले.

मेहुण्याने दुकानाच्या मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचं कसलंसं ॲप चढवलं. फोटो तेच निवडणार, मजकूर तेच लिहिणार, लोकांच्या कमेंटना उत्तरंही तेच देणार. "मी फक्त एवढंच सांगून ठेवलंय, की भावनिक लिही. लोक भावनेवर पाघळतात!" असं म्हणून, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवून, तो दोन दिवसांच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बायकोचा फोन.

"अहो, काय केलंत तुम्ही? आत्या रडतेय! नाना गेले म्हणे!"

"कुठे गेले?"

"कुठे जाणार? समोर बसून चहात बिस्किट बुडवतायत! मी फोन सरळ त्यांच्याच हातात दिला. त्यांनी 'हॅलो, कोण गेलं?' म्हणून विचारलं आणि तिकडे आत्या धाडकन खाली बसली!"

नाना म्हणजे बायकोचे वडील. राहायला लेकीकडेच. गादीवाल्याने घाईघाईने पेज उघडलं. मागच्या आठवड्यात नाना दुकानात आले होते आणि मांडलेल्या गादीवर, छातीवर हात ठेवून, घटकाभर झोपले होते. तेव्हा काढलेला फोटो दुकानाच्या मोबाइलमध्ये पडून होता. यंत्राने तो कृष्णधवल करून, कडा मऊ धूसर करून वर लिहिलं होतं : 'नाना अखेर शांत झोपले. आयुष्यभराची पाठदुखी, काळजी, कुरबुर, सगळं मागे राहिलं. आता त्यांना कुणी उठवू नका.'

खाली एकशे बारा कमेंटा. आणि प्रत्येकीला यंत्राचं हसतमुख उत्तर!

'कसं झालं अचानक?'

'अगदी सहज! तुम्ही फक्त पाठ टेकवा, बाकी आमच्यावर सोपवा!'

'परवाच भेटले होते हो. विश्वास बसत नाही.'

'सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं! घरातल्या इतर ज्येष्ठांनाही एकदा घेऊन या!'

'अंत्यविधी कधी आहे?'

'सकाळी दहा ते रात्री आठ. रविवारी बंद.'

गादीवाल्याने स्वतःच्या नावाने लिहिलं, 'नाना जिवंत आहेत!' क्षणात उत्तर आलं, 'हीच तर आमच्या गादीची कमाल!'

मेहुण्याचा फोन बंद. तासाभरात बायको नानांना घेऊन दुकानात हजर झाली. "आता लोकांना दाखवायला आणलंय यांना," ती म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याने गल्ल्यामागे बसून घेतलं.

नानांनी मात्र चष्मा पुसला आणि स्वतःच्या श्रद्धांजल्या सावकाश वाचायला घेतल्या. वर्तमानपत्रात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते ते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेतलेला माणूस! हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

"जावईबापू, हे काय चाललंय?"

"नाना, माफ करा, माझ्या हातून—"

"भावपूर्णचा 'पू' ऱ्हस्व! आणि हा तर चक्क 'श्रधांजली' लिहितोय! असं पोचवायचं माणसाला?"

दमून ते उशांच्या ढिगाऱ्यामागच्या गादीवर आडवे झाले. तेवढ्यात दार ढकलून एक वाळकुडे म्हातारे आत आले. बायकोने ओळखलं. हे छापखान्यातले कंपोझिटर, मजकुराची अक्षरं जुळवणारे. नानांचे जिवलग मित्र. पण गेली तीस वर्षं बोलणं बंद. तेव्हा पहिल्या पानावर 'अध्यक्ष आजारी'चं 'अध्यक्ष बाजारी' छापून आलं होतं. नाना म्हणायचे चूक जुळवणाऱ्याची, कंपोझिटर म्हणायचे तपासणाऱ्याची. बोलणी दोघांनी खाल्ली आणि मैत्री तुटली.

"पोरी, फार उशीर केला मी," कंपोझिटर म्हणाले. "तो 'बा' माझ्याच हातून लागला होता गं. तुझ्या बापाने तो खोडला होता. त्याने खुणा केलेला कच्चा कागद मी पाहिला, पण दुरुस्त करायचं राहून गेलं. आणि मी कबूल केलं नाही. आता कुणाला सांगू?"

गादीवाला उठून काही बोलणार, इतक्यात उशांमागून आवाज आला.

"तीस वर्षं लागली तुला हे सांगायला?"

कंपोझिटर जागच्या जागी कोसळले. गादीचं दुकान असल्याचा एक फायदा, माणूस कुठेही पडला तरी लागत नाही!

"तू... तू जिवंत आहेस?"

"आहे! कबूल करतोस ना पुन्हा?"

"जिवंत आहेस हे ठाऊक असतं तर मुळीच कबूल केलं नसतं!" असं म्हणून कंपोझिटरांनी नानांचा हात धरला आणि दोघं म्हातारे पोरांसारखे रडले. गादीवाल्यालाही हुंदका आला. म्हणजे दोन रात्रींच्या जागरणाची जांभई होती ती, पण बायकोला हुंदका वाटली आणि तिने त्याला माफ करून टाकलं.

मेहुणा परतला, पोस्ट काढली, यंत्रही काढलं. आता पेज कोण बघणार? "आम्ही बघू!" दोघं म्हातारे एका सुरात म्हणाले. तेव्हापासून ते रोज दुकानात येतात. मांडायला ठेवलेल्या दोन्ही गाद्या दोघांनी अडवल्यात. गिऱ्हाइकाला टेकायला जागा नाही. एक लिहितो, दुसरा खोडतो. पहिली जाहिरात तयार व्हायला नऊ दिवस लागले. त्यातले चार एका स्वल्पविरामावर गेले.

काल ती एकदाची पेजवर गेली. गादीवाल्याने उभ्या उभ्या दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फक्त दुकानाचा पत्ता राहिला होता. त्याने मोबाइल गुपचूप खिशात टाकला. कोण पुन्हा नऊ दिवस थांबणार!