मेश्रामकाकांचा थर्मास

मेश्रामकाका आमच्या धरमपेठेतल्या ऑफिसात रोज यायचे, पण आमचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. थर्मास स्वतःचा. काकू गेल्यापासून तो भरायचेही स्वतःच. मी आग्रह केला की म्हणायचे, "नाही वं सुनीता. तुमची चाय पेलो, त तुमच्या चुका गोड लागतीन मले."

कन्हानजवळचा एक कारखाना बंद पडला, कामगार कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली. मालकानं भरलेली भरपाई वाटायचं काम कोर्टानं आमच्या कंपनीला दिलं, आणि आमच्यावर लक्ष ठेवायचं काम कामगारांतर्फे काकांना. ते तिथलेच जुने फिटर.

आणि लक्ष तरी किती! पंख्याखालीसुद्धा बसायचे नाहीत. "हवा बी तुमचीच हाये." साहेबांनी दिवाळीला दिलेला मिठाईचा डबा त्यांनी न उघडता परत केला, वर पोच मागितली.

मग यमुनाबाईंचं प्रकरण आलं. या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. त्या आणि आणखी काही जण भरपाई मागायला मुदतीत आले नाहीत. साहेब म्हणाले, "नोटीस लावली होती. आता उरलेली रक्कम मालकाला परत." काका तडक कोर्टात.

"नोटीस कुठे लावली होती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कारखान्याच्या फाटकावर," आमचे वकील म्हणाले.

"बंद कारखान्याच्या, साहेब!" काका उठले. "तिथं मानसं काहून जातीन? बकऱ्या चरून राहिल्या तिथं. त्यायनं नोटीस वाचली, मंग खाल्ली."

सगळं कोर्ट हसलं. मुदत वाढली. मी बसले होते कंपनीच्या बाजूला, पण मान ताठ झाली ती काकांमुळे. पुढे त्यांनी घरोघर फिरून माणसं आणली. यमुनाबाई रामटेकला लेकीकडे सापडल्या. शेवटचा चेक त्यांचाच निघाला आणि काकांचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी काका दारात हजर! थर्मास नव्हता.

"आता मी कोनाचा पहारेकरी नाही," ते म्हणाले. "पाज ना वं चाय."

पंख्याखाली खुर्ची ओढून बसले. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. "फिक्की हाये वं! हिच्यासाठी मन मारून राहिलो होतो का मी?"

कप मात्र रिकामा केला. मग तो हातात तसाच फिरवत हळूच विचारलं, "उद्या आलो, त चालन?"

मी चहावाल्याला उद्यापासून एक कप वाढवायला सांगितलं. साखर जास्त.