एकशे आठ प्रदक्षिणा आणि एक सारंग

माणसाचं वजन उतरवायला डॉक्टर लागत नाही, पंचांग लागतं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणजे, १९८५ सालच्या ऑगस्टपर्यंत होतं. माझ्या आठवड्यात मोकळे वार तसे कमीच. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी, चतुर्थी, प्रदोष येऊन-जाऊन असतातच. त्यामुळे लग्नातला ब्लाउज मला सहा वर्षांनीही नीट बसत होता. हा गुण उपासांचा की शिंप्याने शिलाईत सोडलेल्या जादा कापडाचा, याचा विचार मी कधी केला नव्हता.

आमचे हे, म्हणजे लवू, मालाच्या बोटीवर खलाशी. चौदा वर्षं डेकवर काढल्यावर त्या वर्षी कंपनीने त्यांना सारंग करायचं ठरवलं. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. माझे सासरे जन्मभर बोटीवर राबले आणि सारंग न होताच घरी बसले. हे तोंडाने काही बोलले नाहीत. पण कंपनीची चिठ्ठी आल्यावर त्यांनी सारंगाची असते तशी एक पितळी शिट्टी आणली होती आणि ती रोज चिंचेने घासत होते. देवाची भांडी मी घासायची, शिट्टी त्यांनी.

अडचण एकच. बोटीवर चढण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि हे आठ महिने माझ्या हातचं जेवून घरी होते. फोर्टातल्या दवाखान्यात काट्यावर उभे राहिले, तेव्हा काट्याने आधी एक कण्हल्यासारखा आवाज काढला.

"एक्क्याण्णव," डॉक्टर म्हणाले. "आणि ब्लडप्रेशरही चढलंय. उद्या भर समुद्रात दोराच्या शिडीने चढायची वेळ आली तर सगळ्यात पुढे कोण चढणार?"

"सारंग," हे म्हणाले.

"मग? तुम्ही चढाल, पण शिडी खाली येईल." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. "एक महिना देतो. चौऱ्याऐंशीवर या. नाहीतर कंपनी दुसरा सारंग बघेल."

ह्यांचा चेहरा उतरला. मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, महिन्याने या माणसाला तुम्ही ओळखणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काय करणार?"

"नेम," मी म्हटलं.

तीनच दिवसांनी अधिक श्रावण लागत होता. अधिकात केलेल्या व्रताचं फळ जास्त, म्हणजे वजनही जास्त उतरणार, हा माझा हिशेब. मी नेम आखला. दिवसातून एकदाच जेवण, साखर बंद, आणि रोज सकाळी मारुतीला एकशे आठ प्रदक्षिणा. आम्ही बोरिवलीला राहतो, देऊळ गोराईच्या रस्त्यावर. मी स्वतः बरोबर जाऊ शकत नव्हते, कारण सकाळी पाच ते साडेआठ माझी पूजा आणि पोथी असते. आकडा चुकू नये म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्या खिशात एकशे आठ फुटाणे मोजून घातले. एक प्रदक्षिणा झाली की एक फुटाणा दुसऱ्या खिशात टाकायचा. हे परत आले तेव्हा दोन्ही खिसे रिकामे.

"अहो, फुटाणे कुठे?"

"संपले ना मोजून," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी तुळशीची माळ दिली.

रोज नऊच्या सुमाराला हे घरी यायचे. घामाने निथळत. मी विचारायची, "झाल्या?" हे म्हणायचे, "झाल्या." जास्त बोलायची त्यांना सवय नाही. धोतराचा काठ ओला असायचा. देऊळ सकाळी धुतात, म्हणून असेल. अंगाला मासळीचा वास यायचा. वाटेत कोळणी बसतात, म्हणून असेल. चौथ्या दिवशी तळहातांना फोड आलेले दिसले. इतके घट्ट हात जोडून कोणी प्रदक्षिणा घालतं का? मला भरूनच आलं. मी तूप लावून दिलं.

रविवारी आम्ही स्टेशनावर गेलो. तिथे वजनाचं यंत्र आहे. नाणं टाकलं की रंगीत दिवे लुकलुकतात, चक्र फिरतं आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन एकोणनव्वद. भविष्य, 'आपल्या कष्टांचे श्रेय योग्य व्यक्तीस मिळेल.' मी तिकीट देव्हाऱ्यात ठेवलं.

आणि सोमवारी मुलुंडहून माझी आई आली. डोक्यावर पदर, हातात पत्र्याचा डबा.

अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात, हे मी विसरले नव्हते. पण तेहेतीस अनारसे दोघांत मिळून महिनाभरात संपतील, अशी मी मनाची समजूत घातली होती. आईने डबा उघडला. तळापर्यंत बघायला मान वाकवावी लागली.

"आई, हे तेहेतीस नाहीत गं."

"तेतीस कशे?" आई म्हणाली. "लगीन झाल्यापासना ह्यो तिसरो अधिक. पयले दोन अधिक जावय दर्यात होते. त्येंचो मान रवलो मा? तेतीस त्रिक नव्याण्णव. मोजून घे."

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय त्यांचं. वजन उतरलं नाही तर सारंग करणार नाहीत."

आईने ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खय वाढलंहा वजन? माका तर जावय सुकललो दिसता. आणि डॉक्टरान वाण परत पाठवल्यान तर माज्या दानाचा काय व्हतला? जावयान खाऊकच व्हया."

आता एकीकडे ह्यांचं सारंगपण, दुसरीकडे आईचं पुण्य. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आईंचा मान आहे. खातो मी." आई खूश होऊन मुलुंडला गेली आणि मी देव्हाऱ्यापुढे बसले.

शेवटी मार्ग सापडला. रोज पाच अनारसे डब्यात घालून बरोबर द्यायचे. मारुतीला दाखवायचे, मग खायचे, आणि एका अनारशाला पाच या दराने पंचवीस प्रदक्षिणा जादा घालायच्या. गोड देवासमोर खाल्लं की ते प्रसादात जमा होतं, वजनात नाही, अशी माझी धारणा. हे "बरं" म्हणाले. डबा रोज रिकामा यायचा. कण नाही शिल्लक. धुऊनसुद्धा आणायचे.

पुढच्या रविवारी मी डोळे मिटून नाणं टाकलं. सत्त्याऐंशी.

त्याच्या पुढच्या रविवारी पंच्याऐंशी.

मी मुळात बोलणारी बाई नाही. पण शेजारच्या प्रेमाने तिकिटं पाहिली आणि विचारलं, तेव्हा सांगावं लागलं.

"काय सांगतेस काय, सुगंधा? रोज पाच अनारसे खाऊन सहा किलो कमी?"

"नेम आहे गं. मी काय करणार, करणारा तो."

"आमच्या नवरोबाला पण पाठवते. ऑफिसात बसून बसून मटक्यासारखा झालाय."

प्रेमाचे यजमान चंद्रप्रकाश ऑफिसातून आले की संध्याकाळी प्रदक्षिणा घालू लागले. प्रेमाने अनारसेसुद्धा माझ्याकडून शिकून घेतले, पाचाचा आकडा चुकू नये म्हणून. मग तळमजल्यावरच्या पद्मजाताईंनी आपल्या यजमानांना पाठवलं. दहा दिवसांत चंद्रप्रकाश दीड किलोने वाढले.

"हे कसं काय गं?" प्रेमाने तिकीट माझ्या नाकासमोर धरलं. "पँटीचं बटण तुटलं त्याचं, देवळातच. मारुतीसमोर."

"श्रद्धा कमी पडत असेल," मी हळू आवाजात म्हटलं. खरंच मला तसं वाटलं होतं.

महिना भरला. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आम्ही फोर्टात गेलो. ह्यांचा सबंध वाटेत एक हात शर्टाच्या खिशावर, आत शिट्टी. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आमच्याच वयाच्या एक बाई काळजीत बसल्या होत्या. वनमाला नाव, घाटकोपरच्या. त्यांचे यजमान बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी. आत तपासणी चालली होती.

"एकशे चार होते मागच्या वेळी," वनमालाबाई म्हणाल्या. "स्वतःच शिजवतात ना, मग चव बघत बसतात. आज पण नापास झाले तर शेवटचा एक महिना मिळेल म्हणे. तुमच्या ह्यांचं किती कमी झालं?"

"सात," मी म्हटलं. "कालच्या तिकिटाप्रमाणे."

त्यांनी माझा हात धरला. "अहो कसं ते सांगा, पाया पडते."

मी सांगितलं. एकभुक्त, मारुती, एकशे आठ, वर अनारशाला पाच. त्यांनी पर्समधून लग्नपत्रिकेचं पाकीट काढून त्यावर सगळं लिहून घेतलं. "अनारसे खाल्लेच पाहिजेत का?" त्यांनी विचारलं. "सोडू नका," मी म्हटलं, "माझ्या अनुभवात त्याने फरकच पडला." तेवढ्यात त्यांचे यजमान खाली मान घालून बाहेर आले आणि आम्हाला आतून बोलावणं आलं.

हे काट्यावर चढले. मी मनात रामरक्षा सुरू केली. काटा थोडा हलला आणि थांबला.

"चौऱ्याऐंशीला जरा कमीच," डॉक्टर म्हणाले. ब्लडप्रेशर घेतलं. छाती तपासली, दंड दाबून पाहिले. "अरे वा. महिन्याभरात हे खांदे कुठून आणलेत?"

"प्रदक्षिणा," मी म्हटलं.

"बाई, प्रदक्षिणेने खांदे?" त्यांनी ह्यांचे तळहात उलटे केले. "आणि हे घट्टे?"

"हात जोडून जोडून झालेत ते."

डॉक्टर हात जोडून पाहू लागले. घट्टे जुळेनात. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"होडी," हे म्हणाले.

"कुठली होडी?" मी आणि डॉक्टर एकदम म्हणालो.

"काशीराम कोळ्याची. गोराईच्या खाडीत जाळी लावतो तो. दर्या बंद आहे ना पावसाळ्यात, मशीनची बोट वर काढून ठेवलीय. वल्ह्याची होडी आहे. दोन-अडीच तास वल्हवायचो रोज."

"आणि प्रदक्षिणा?"

"घालायचो की. अकरा."

"अकरा?"

"बाराव्या वेळी चक्कर येते मला. गोल फिरायची सवय नाही. बोट सरळ जाते."

"अहो, मी रोज विचारत होते तुम्हाला. झाल्या का म्हणून."

"व्हायच्या. अकरा."

माझा आवाज आणखी बारीक झाला. "आणि अनारसे?"

"एक मी खायचो, आईंचा मान म्हणून. चार काशीराम आणि त्याचे भाऊ. वल्हवून भूक लागते फार. काशीरामने आईंना नमस्कार सांगितलाय."

डॉक्टर खाली वाकून सही करत होते. त्यांचे खांदे हलत होते, हसण्याने की लिहिण्याने, मी पाहिलं नाही. सर्टिफिकेट हातात पडल्यावर हे बराच वेळ नुसतेच ते वाचत उभे राहिले. सही, शिक्का, 'फिट'. मग म्हणाले, "सुगंधा, तू महिनाभर मागे लागली नसतीस तर पहाटे उठलो नसतो मी." एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नाच्या बोलणीतसुद्धा बोललेलं मला आठवत नाही. माझा राग तिथेच विरला.

आणि मग मला वनमालाबाई आठवल्या.

मी धावतच बाहेर आले. बाक रिकामा. जिन्यावरून खाली वाकून पाहिलं, रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना पाहिलं. शिपाई म्हणाला, "त्या बाई ना? घाईत गेल्या. दुकानं बंद व्हायच्या आत गूळ, खसखस घ्यायची म्हणत होत्या."

हे सारंग होऊन बोटीवर गेले, त्याला आता चार महिने झाले. घाटकोपरात ओळखीच्या होत्या तेवढ्या सगळ्यांना मी विचारलं, पण पत्ता लागला नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं. वनमालाबाई, हे तुमच्या वाचनात आलं तर प्रदक्षिणा चालू ठेवा, त्यात वाईट काही नाही. पण भंडारीदादांना कोणाची तरी होडी बघून द्या. आणि अनारसे कृपा करून लगेच थांबवा.