कै. दीर्घिकाताई

विज्ञान प्रदर्शनासाठी हेलन साळवे बाईंनी काष्टीच्या बाजारातल्या कानिफनाथला फ्लेक्स सांगितला होता. विषय : एक दूरची, भिंगाच्या आकाराची दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. आज शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. वस्तीवरची ही शाळा एकदा तरी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जावी, एवढाच बाईंना ध्यास होता.

सकाळी त्या फाटकाशी आल्या, तर फ्लेक्स लागलेला. काळाभोर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये 'कै. दीर्घिकाताई', खाली हात जोडलेले सात पुढारी.

बाईंनी फोन लावला. "कानिफ, अरे दीर्घिका कुठाय?"

"फोटोवर लई डाग हुते बाई. मधला तर केवढा! समदे पुसले."

"तो डाग म्हणजेच दीर्घिका! आणि श्रद्धांजली कुणी सांगितली?"

"तुमीच लिवलंय न्हवं? 'ही आपल्यापासून दूर दूर जात आहे. हिच्यातला वायू संपला आहे. मागे मोठा परिवार आहे.' टाईप करताना मलाच भरून आलं. पुढाऱ्यांचे फोटू आपल्याकडनं फ्री."

तोवर हार घेऊन त्या सातांतले थोरले पुढारी आबासाहेब हजर. गेलं कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण फ्लेक्सवर 'शोकाकुल' म्हणून सर्वांत मोठा फोटो त्यांचाच, मग विचारणार कुणाला? त्यांनी सरळ भाषण सुरू केलं. "ताई सगळ्यांना धरून हुत्या..."

"माझ्या हातचा च्या लई आवडायचा," वस्तीवरच्या साळूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

बघता बघता वस्ती लोटली. त्यातच साहेबांची गाडी आली. साहेब मुकाट्यानं उतरले, मान खाली घालून उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बाई, कोण गेलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाई पायरीवर चढल्या आणि दीर्घिका म्हणजे काय, तिचा परिवार म्हणजे शेजारच्या हजारभर दीर्घिका, हे सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे वारली न्हाई?" आबासाहेब हिरमुसले.

"नाही हो. आणि वारली असती, तरी ते इथं दिसायला कोट्यवधी वर्षं लागली असती."

"मंग दहाव्याला टाईम हाय."

साहेब मात्र गर्दीकडे बघत होते. "बाई, प्रदर्शनाला पालकसुद्धा फिरकत नाहीत. इथं अख्खी वस्ती उन्हात उभी राहून खगोलशास्त्र ऐकतेय. लोकसहभागाला पैकीच्या पैकी. तुमची शाळा जिल्ह्याला!"

बाईंना रडू कोसळलं. साळूबाईंनी त्यांना जवळ घेतलं.

संध्याकाळी फाटकावर नवा फ्लेक्स झळकला. तेच सात पुढारी, आता हसरे. वर ठळक अक्षरांत : 'जिल्हास्तरावर निवड झाल्याबद्दल दीर्घिकाताईंचे हार्दिक अभिनंदन!'